‘कुठेतरी वाचलं होतं’ एवढ्यावर भागत नाही

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर बंदी घातली. पुढच्याच आठवड्यात निफाड तालुक्यात आमच्या नात्यातलं एक लग्न होतं आणि पंगतीत दुसरा विषयच नव्हता. मी पुण्याहून गेले होते. रोज दोन वर्तमानपत्रं वाचते, येता-जाता पॉडकास्ट ऐकते, त्यामुळे या विषयातलं आपल्याला थोडंफार कळतं अशी माझी समजूत होती. शेजारी मामा बसले होते. त्यांचा तीन एकर कांदा. मी म्हणाले, “मामा, दोन-तीन महिने माल कांदाचाळीत साठवून ठेवला तर एवढा तोटा होत नाही, असं मी वाचलंय.”

मामांनी विचारलं, “कुठं वाचलं?”

“कुठेतरी वाचलं होतं. आता नाव आठवत नाही.”

“आता निघतोय तो लाल कांदा आहे. लाल कांदा चाळीत ठेवत नसतात, बाई. त्याला कोंब फुटतात, सडतो. तो काढला की बाजारात न्यावाच लागतो. चाळ असते उन्हाळ कांद्याची, रब्बीच्या.”

ते चिडले नाहीत. एवढं सांगून जेवायला लागले. मला मात्र पुढचं जेवण गेलं नाही. रात्री मुक्कामाच्या खोलीत बसून मी तो लेख शोधला. ब्राउझरची हिस्टरी चाळली, व्हॉट्सॲपचे चार ग्रुप वर-खाली केले, आठवतील ते शब्द टाकून गूगल केलं. लेख मिळाला नाही. लेखकाने ‘उन्हाळ कांदा’ असं स्पष्ट लिहिलं होतं आणि तो शब्द मीच गाळला? की लेखकालाच फरक माहीत नव्हता? की मी ते वाचलंच नव्हतं, गाडी चालवताना कुणाच्या तोंडून अर्धंमुर्धं ऐकलं होतं? चूक कोणाची, हेसुद्धा मला ठरवता येईना. आणि ते चुकीचं वाक्य मी ज्या माणसाचं वर्षभराचं पीक शेतात उभं होतं, त्यालाच ऐकवलं होतं.

जानेवारी २०२४ पासून मी नोंदी ठेवायला लागले. वाचलेला लेख, ऐकलेला पॉडकास्ट, तारीख, लेखकाचं किंवा बोलणाऱ्याचं नाव, कुठे आला, त्याचा दुवा, आणि खाली दोन-तीन ओळी. हे सगळं इंटरनेटवर, माझ्या स्वतःच्या पानावर आहे, कुणालाही उघडून बघता येईल असं. दोन वर्षं हे केल्यानंतर माझं ठाम मत झालं आहे की, जो माणूस सार्वजनिक प्रश्नांवर मत मांडतो, त्याने आपण काय वाचून आणि काय ऐकून ते मत बनवलं याची उघडी वही ठेवली पाहिजे. स्तंभ लिहिणाऱ्याने, व्याख्यानं देणाऱ्याने, वर्गात शिकवणाऱ्याने, आणि घरच्या ग्रुपवर रोज सकाळी लांबलचक मजकूर टाकणाऱ्या काकांनीसुद्धा.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी इथे देते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल.

‘५ मे २०२४. बातमी, कांदा निर्यातबंदी उठली. काल रात्री फक्त मथळा वाचला होता आणि दोघांना सांगून मोकळी झाले. आज पूर्ण वाचली. बंदी उठली आहे, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क आहे. म्हणजे दार उघडलं आणि उंबरा कमरेइतका केला.’

‘१७ सप्टेंबर २०२४. पॉडकास्ट, एक तास दहा मिनिटं. पंचवीस मिनिटांनंतर भांडी घासत ऐकला, त्यामुळे मधला भाग नीट कळला नाही. ४२व्या मिनिटाला पाहुणे म्हणतात की, किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं तरी गेलेला ग्राहक लगेच परत येत नाही. हे पटलं. आधीच्या नोंदीत मी याचा विचार केला नव्हता.’

‘फक्त मथळा’ आणि ‘भांडी घासत ऐकला’ हे शब्द मी मुद्दाम लिहिते. आपण ‘वाचलं’ म्हणतो तेव्हा त्यात कितीतरी प्रकार लपलेले असतात. पूर्ण वाचलं, वरवर चाळलं, दुसऱ्याने वाचून सांगितलं, आणि आता नवीन म्हणजे एआयला विचारून चार ओळींचा सारांश घेतला. हे सगळं आपण एकाच क्रियापदात कोंबतो आणि चर्चेत त्याच वजनाने वापरतो. वहीत लिहायची वेळ आली की तसं चालत नाही. सारांश वाचला असेल तर ‘सारांश वाचला’ असं लिहावं लागतं, आणि लिहिताना हात थोडा अडखळतो. त्या अडखळण्याने मला कित्येकदा मूळ लेखाकडे परत पाठवलं आहे.

पॉडकास्टच्या बाबतीत तर नोंदीवाचून गत्यंतरच नाही. छापलेला लेख निदान पुन्हा चाळता येतो. ऐकलेलं वाक्य हवेत जातं. मराठीतल्या बहुतेक पॉडकास्टांची लिखित प्रत कुठेच नसते, त्यामुळे तासाभराच्या गप्पांत ४२व्या मिनिटाला कुणी मोलाचं बोललं तर ते नंतर शोधून काढणं अवघड जातं. ज्याने ऐकलं त्याने मिनिट लिहून ठेवलं तरच ते वाक्य पुन्हा सापडतं. आपल्याकडे सध्या उत्तम संशोधक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी, शेतीतले जाणकार एकेक तास बोलतात. ही माणसं कदाचित पुस्तक लिहिणार नाहीत, लेखही लिहिणार नाहीत. त्यांचं म्हणणं फक्त त्या आवाजात आहे. हजारो लोक ऐकतात आणि कुणीही एक ओळ टिपून ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुस्तकांची आणि सिनेमांची अशी नोंद ठेवणारे आता पुष्कळ आहेत. पुस्तकांसाठी गुडरीड्स २००७ साली सुरू झालं, सिनेमांसाठी लेटरबॉक्स्ड २०११ मध्ये आलं. अमेरिकन गायक आर्ट गारफंकेल यांनी जून १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची यादी ठेवली आहे आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. पण आपली राजकीय-सामाजिक मतं पुस्तकांतून किती बनतात? खरं सांगायचं तर ती बनतात चहाच्या वेळी वाचलेल्या हजार-बाराशे शब्दांच्या लेखांतून आणि लोकलमध्ये कानात घातलेल्या गप्पांतून. त्याच वाचनाचा हिशेब नाही.

किंवा असं म्हणू की, हिशेब आहे, पण तो आपल्याकडे नाही. मी कोणता व्हिडिओ किती सेकंद पाहिला, कोणत्या लेखावर किती वेळ थांबले, कोणता पॉडकास्ट कुठे सोडला, हे सगळं टिपलं जातंच. ती वही कंपन्यांकडे असते आणि ती मला पुढे काय दाखवायचं हे ठरवायला वापरली जाते. वर्षाच्या शेवटी त्यातलंच थोडंसं रंगीत कागदात गुंडाळून मला भेट म्हणून परत मिळतं आणि मी ते आनंदाने स्टेटसला ठेवते. माझ्या वाचनाबद्दल त्या वहीत सगळं असतं, मला काय पटलं आणि का पटलं एवढं सोडून. ते फक्त मीच लिहू शकते.

शिवाय दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेली वही दुकान बंद झालं की जाते. वेगवेगळ्या वेबसाइटींवरचे नवे लेख एका जागी वाचायची गूगल रीडर ही सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. नंतर वाचायचे लेख साठवून ठेवण्याची पॉकेट ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली. वेबपानंही टिकत नाहीत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. मराठीत त्यावर आणखी एक थर आहे. २००० सालच्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइटी आपापल्या फाँटांत चालत. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. सगळ्या संगणकांवर सारखीच अक्षरं दाखवणारं युनिकोड रुळल्यावर यातलं कितीतरी मागेच राहिलं. देवनागरीत शब्द टाकून शोधलं तर ते हाती लागत नाही. म्हणून मी नुसता दुवा ठेवत नाही. लेखाचं सार माझ्या शब्दांत देवनागरीत लिहिते. उद्या दुवा मेला तरी निदान असा लेख होता, अमुक व्यक्तीने लिहिला होता आणि त्यात हा मुद्दा होता, एवढं उरेल. शक्य असेल तेव्हा ते पान वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्येही जमा करते. दोन बटणांचं काम आहे.

या कल्पनेत नवीन काही नाही. ब्लॉग हा शब्द ज्यातून आला तो ‘वेबलॉग’ हा शब्द डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्जर यांनी वापरात आणला, आणि त्याचा अर्थ होता वेबवर भटकताना जे वाचनीय भेटलं त्याची रोजची नोंद. मतं, अनुभव, पाककृती हे सगळं त्यात नंतर आलं. त्याही आधी, जुलै १९४५ मध्ये, व्हॅनेव्हार बुश या अमेरिकन अभियंत्याने अटलांटिक मासिकातल्या लेखात एका यंत्राची कल्पना मांडली होती. टेबलाएवढं यंत्र, त्यात माणसाची सगळी कागदपत्रं सूक्ष्मचित्रांवर. त्याने दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. एक जण शोध घेतो आहे की, क्रुसेडच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धांच्या, चकमकींत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं. तो एका लेखावरून दुसऱ्यावर जातो, मध्ये स्वतःचं टिपण घालतो आणि अशी वाट तयार होते. काही वर्षांनी मित्राशी बोलताना तो ती वाट जशीच्या तशी काढतो आणि तिची प्रत मित्राच्या हातात देतो. मला वाटतं, नुसता निष्कर्ष देण्यापेक्षा अशी वाट हातात देणं ही समोरच्याबद्दलची मोठी आदराची गोष्ट आहे. त्याला तीच वाट चालून वेगळ्या ठिकाणी पोहोचायची मुभा राहते.

आपल्याकडे बाडं होती. कीर्तनकार, रामदासी, गावोगावचे साधे भाविक लोक आवडलेले अभंग, पदं, आख्यानं हाताने उतरवून घेत आणि ते शिवलेले कागद फडक्यात बांधून ठेवत. रामदासी साहित्याचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून अशी रामदासी बाडं गोळा केली आणि ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात राहिली. लिहिणाऱ्याने ती स्वतःसाठी लिहिली होती. पुढे अभ्यासकांना पाठ ताडून पाहायला तीच उपयोगी पडली. पण त्याच बाडांनी एक डोकेदुखीही मागे ठेवली आहे. उतरवणाऱ्याने रचना कोणाची, कुठून घेतली हे लिहिलं नसेल, किंवा प्रसिद्ध संताची नाममुद्रा घातली असेल, तर खरा कर्ता शोधणं जिकिरीचं होतं. आज हेच आपण फार मोठ्या प्रमाणावर करतो आहोत. पु. ल. देशपांड्यांनी कधीच न लिहिलेले परिच्छेद त्यांच्या नावावर रोज फिरतात. एखाद्या तरुण कवीची कविता कुसुमाग्रजांच्या नावाने येते आणि तो बिचारा ती आपली आहे हे सांगत फिरतो. फॉरवर्डला आगापिछा नसतो, त्यामुळे तिथे चूक दुरुस्तही करता येत नाही. नोंदीला तारीख असते, नाव असतं, आणि ती ठेवणारी व्यक्ती पत्त्यावर सापडते.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. त्यातला दिखाऊपणाचा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. भारी भारी लेखांची यादी करून मिरवणारे निघतील, निघू देत. ज्या वहीत ‘अर्धवट सोडला’, ‘पटला नाही’, ‘माझं आधीचं मत चुकलं’ असं काहीच दोन वर्षांत आलेलं नाही, ती वही कशी आहे ते वाचणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं. वेळेचं म्हणाल तर माझा नियम साधा आहे. ज्याला दहा मिनिटांहून जास्त वेळ दिला त्याचीच नोंद, आणि नोंदीला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही.

खासगीपणाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मला अजूनही पूर्ण सुटलेला नाही. १९८७ साली अमेरिकेत रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी पुढे आलं, तेव्हा त्यांच्या घरी भाड्याने नेलेल्या व्हिडिओंची यादी वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने मिळवून छापली. यादीत आक्षेपार्ह काही नव्हतं. तरीही लोक हादरले आणि पुढच्याच वर्षी अशा यादीच्या गुप्ततेसाठी कायदा झाला. आपल्याकडची गोष्ट तर याहून गंभीर आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात घरात सापडलेलं साहित्य पुरावा म्हणून पुढे आलं. २८ जुलै २०२३ रोजी दोन आरोपींना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, हिंसेला प्रेरणा देणारं असलं तरी साहित्य नुसतं जवळ बाळगणं हा यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या संबंधित कलमांखालचा गुन्हा ठरत नाही. हे ऐकायला मिळेपर्यंत त्या दोघांची जवळपास पाच वर्षं तुरुंगात गेली होती. अशा देशात ‘तुम्ही काय वाचता ते सगळं जाहीर करा’ असं सरसकट सांगणं बेजबाबदारपणाचं होईल. पुण्यातली पन्नाशीची, स्थिर नोकरीतली बाई जे वाचन उघडं ठेवू शकते, ते एखादा सरकारी कर्मचारी, एखादा मुस्लिम विद्यार्थी किंवा सासरी राहणारी मुलगी ठेवू शकेलच असं नाही. आजारपण, श्रद्धेबद्दलच्या शंका, मनातली घालमेल यांविषयीचं वाचन तर कुणीच कुणाला दाखवायचं कारण नाही. मीही दाखवत नाही.

म्हणून माझं म्हणणं मी मर्यादित ठेवते. ज्या विषयावर तुम्ही चारचौघांत बोलता, त्या विषयापुरती तुमची शिदोरी उघडी असू दे. धरणावर लेख लिहिणाऱ्याने धरणाबद्दल काय वाचलं ते दाखवावं, आरक्षणावर व्याख्यान देणाऱ्याने आरक्षणाबद्दल काय ऐकलं ते दाखवावं. हे कायद्याने लादू नये, कुठल्या संस्थेने त्याचे गुण देऊ नयेत. पण श्रोत्यांनी विचारायला हरकत नाही. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत ‘तुमचं मत काय’ असं दहादा विचारलं जातं. ‘या विषयावर गेल्या सहा महिन्यांत तुम्ही काय वाचलंत’ हा प्रश्न मी आजवर एकदाच ऐकला आहे, नाशिकच्या एका सभागृहात, मागच्या रांगेतल्या मुलीकडून. वक्त्यांनी प्रामाणिकपणे तीन नावं सांगितली, आणि ती उतरवून घ्यायला निम्म्या सभागृहाने मोबाइल काढले.

माझी वही फार लोक वाचत नाहीत. कधी एखादा विद्यार्थी कळवतो की, अमुक नोंदीमुळे संदर्भ मिळाला. पण एक वाचक नियमित आहे. मामांच्या नातवाने त्यांच्या मोबाइलवर माझं पान उघडून दिलं आहे आणि कांद्याची नोंद आली की ते बारकाईने वाचतात. गेल्या हिवाळ्यात मी एका पॉडकास्टवरून लिहिलं होतं की, रांगडा कांदा म्हणजे रब्बीचाच कांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

“तुझ्या पानावर रांगड्याचं चुकलंय. रांगडा लेट खरिपाचा. त्याची लागण सप्टेंबर-ऑक्टोबरात, निघतो जानेवारी-फेब्रुवारीत. उन्हाळ त्याच्यानंतर. तो पॉडकास्टवाला चुकला का तू चुकलीस?”

मी मिनिट पाहिलं, तो भाग पुन्हा ऐकला. पाहुणे बरोबर बोलले होते. त्यांनी दोन्ही नावं एका दमात घेतली होती आणि मी ती एक केली होती. मी नोंदीतलं ते वाक्य काढलं नाही, त्यावर रेघ मारून खाली दुरुस्ती लिहिली, तारीख घातली, आणि मामांना विचारलं, दुरुस्ती कोणी सुचवली म्हणून तुमचं नाव लिहू का?

“नाव कशाला,” ते म्हणाले. “निफाडहून कळलं असं लिही.”